पानी जड शे

देवपूर, धुळे
४ ऑक्टोबर २०२४

अक्का,

आधी चष्मा शोध, मग खाली बसून वाच. उभ्यानं वाचलंस तर तुझं दूध उतू जाईल आणि खापर माझ्यावर फुटेल.

सत्तेचाळीस नंबरनं धरलं. आणि सोडलंही.

तू सगळ्या पिंप्राळ्यात सांगत फिरतेस, आमची नूतन औषधं करते. अगं, मी औषध करत नाही, औषध गाळते. कॅन्सरवर, आखडलेल्या सांध्यांवर जी नवी इंजेक्शनं निघाली आहेत ना, त्यात प्रतिपिंडं असतात. ती मोठमोठ्या टाक्यांत जिवंत पेशींकडून करून घेतात. पण टाकीतून बाहेर येतं ते नुसतं गढूळ कालवण. पेशींचा कचरा, नको असलेली शेकडो प्रथिनं आणि त्यातच कुठेतरी आपलं प्रतिपिंड. त्याला एकट्याला बाहेर काढायचं म्हणून एका नळीत बारीक मणी भरतात आणि मण्यांवर असा रेणू बसवतात जो फक्त प्रतिपिंडाचा हात धरतो. बाकीचं सगळं वाहून जातं. मग धरलेलं सोडवून घ्यायचं, झालं काम.

सध्या जगभर ज्या रेणूवर हे चालतं तो एका जंतूकडून घेतलेला आहे. धरायला पक्का, पण सोडायला अडेलतट्टू. त्यावर कडक आम्ल ओतावं लागतं आणि त्या आम्लात काही नाजूक प्रतिपिंडं दूध नासावं तशी नासतात. मला असा छोटासा रेणू हवा होता जो नीट धरेल आणि सौम्य काहीतरी ओतलं की मुकाट सोडेल. चार वर्षांत शेहेचाळीस करून झाले. एकही धरेना. सत्तेचाळीसाव्यानं नऊ सप्टेंबरला धरलं, आणि लिंबाच्या क्षाराचं पातळ पाणी ओतल्याबरोबर सोडून दिलं. मी तिथंच खुर्चीवर बसून रडले. माझ्या हाताखालच्या भूषणला वाटलं माझ्या डोळ्यात काही उडालं, त्यानं मला धरून नळाखाली नेलं.

हितेंद्र सर, म्हणजे आमचे साहेब, कोणाचं तोंडावर कौतुक करत नाहीत. ते म्हणाले, बरंय. आता हैदराबादच्या एका कंपनीकडे आमचे मणी तपासायला गेले आहेत. त्यांच्याकडे चाललं तर आमचा विभाग चालू राहील, नाही चाललं तर मार्चनंतर कुलूप. पण चालेल. मी चौदा वेळा करून पाहिलंय.

तू पाठवलेली सुगंधाबाई मजेत आहे. काचेची भांडी अशी धुते की नजर ठरत नाही. एकच तक्रार. आमच्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, त्याचे वीस-वीस लिटरचे डबे भरून ती आमच्या टेबलांपर्यंत आणते. तर सप्टेंबर लागल्यापासून डबा हातात घेऊन माझ्यासमोर उभी, "ताई, पानी जड शे." एकदा नाही, तीनदा. म्हटलं, बाईची कंबर गेली. तिला चाकांची ट्रॉली आणून दिली. तिनं ट्रॉलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि निघून गेली. उपकाराची किंमतच नाही लोकांना.

दुपारी आम्हा सगळ्यांसाठी ती खाण्याच्या खोलीत शेगडीवर डाळ लावते. तुझ्यासारखीच, लसणाची, वर कच्चं तेल. हल्ली मात्र दाणे दाताखाली येतात. घाई करते, दुसरं काय.

दिवाळीला येते तेव्हा पेढे घेऊन येते.

तुझी,
फुशारलेली नूतन


पिंप्राळा, जळगाव
१२ ऑक्टोबर २०२४

नूतन,

दूध उतू गेलंच. तू म्हणालीस म्हणून बसून वाचत होते आणि गॅस स्वयंपाकघरात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला एवढं समजलं की तू एक डिंक केलास. धरतो आणि सांगितलं की सोडतो. शेजारच्या प्रमिलाबाईला तसंच सांगितलं, तर ती म्हणे, सोडणारा डिंक काय कामाचा. म्हणे म्हणजे तिनं पाटीवर लिहिलं. माझ्या कानांचं आता काही उरलं नाही, तेव्हा येईल त्याच्या हातात पाटी-पेन्सिल देते आणि म्हणते लिही. त्यात एक फायदा आहे. माणूस लिहायला बसला की निम्मं फालतू बोलणं आपोआप कमी होतं. तू मोबाईलवर मेसेज टाकते म्हणतेस, पण त्या काचेवर माझं बोट टिकत नाही आणि तुझं अर्धं मराठी तिथं इंग्रजी अक्षरांत असतं. पत्रच बरं.

माझ्या गुडघ्याला तुझ्या डिंकाचा उपयोग होईल का ते पुढच्या पत्रात लिही.

आता सुगंधाचं. तिचा घरवाला वना वारला तेव्हा तिला चोपड्याहून धुळ्याला मी धाडली ती तुझ्या भरवशावर. तिसरी-चौथीला माझ्या वर्गात होती. हुशार नव्हती म्हणायची, पण डोळे उघडे. एकदा शाळेच्या रांजणाजवळ उभी राहून मला तीनदा म्हणाली, बाई, पाण्याला वास येतो. मी म्हटलं, बस खाली. दुपारी रांजणात मेलेली पाल निघाली. एकच गोष्ट ती तीनदा सांगते तेव्हा तिला काहीतरी सांगायचं असतं, एवढं ध्यानात ठेव. ती तक्रारखोर नाही.

दिवाळीला ये. पेढे नकोत, मला साखर बंद आहे. येताना शेवभाजीची जाड शेव आण.

अक्का


देवपूर, धुळे
२६ नोव्हेंबर २०२४

अक्का,

हैदराबादचं उत्तर आलं. धरत नाही.

मी ती ओळ वाचली आणि मला वाटलं दुसऱ्या कोणाचा कागद आपल्याला आला. आमच्याकडे शंभरातले ब्याण्णव भाग धरतो तो सत्तेचाळीस नंबर, त्यांच्याकडे शंभरातले तीन. तीन, अक्का. त्यांनी तीन वेगवेगळ्या माणसांकडून करून घेतलं. शेवटी एक वाक्य लिहिलंय, फार सभ्य भाषेत, की तुमच्या नोंदींत दिसणारे आकडे आपल्याला नेमके कसे मिळाले ते कृपया कळवावे. मराठीत सांगायचं तर, बाई, खोटं बोललात का?

जिना उतरताना चौथ्या पायरीवर बसले आणि तो कागद पुन्हा वाचला. भूषण पाणी घेऊन आला, त्यालाही तो दाखवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत पुन्हा केलं. हितेंद्र सर शेजारी उभे. तेच मणी, तीच नळी. ब्याण्णव. मला आनंद व्हायला हवा होता, पण सरांचा चेहरा आणखी उतरला. ते म्हणाले, इथं धरतं आणि तिथं धरत नाही, याचा अर्थ इथं कोणीतरी काहीतरी करतंय. अक्का, हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. चार वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काम केलंय.

मग चौकशी लागली. कपाटं उघडली, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या. कोण काय हाताळतं ते प्रत्येकाला विचारलं. भूषणनं सांगितलं की सुगंधाबाई रोज शुद्ध पाण्याच्या डब्यात तांब्या घालून पाणी काढते, डाळीसाठी. घरचा तांब्या, राखेनं घासलेला. त्यावरून सगळ्यांचं डोकं फिरलं. पाण्यात त्या तांब्यातून काय गेलं असेल देव जाणे.

बघू काय होतं ते. माझं लक्ष लागत नाही. जेवण जात नाही. तू काळजी करू नको असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे थोडी कर.

नूतन


पिंप्राळा, जळगाव
३ डिसेंबर २०२४

नूतन,

पत्र वाचून मी सुन्न झाले. तू लहानपणी कधी परीक्षेत कॉपी केली नाहीस, कापूस मोजताना एक बोंड इकडचं तिकडं केलं नाहीस, आणि तुझ्यावर ही पाळी. त्या साहेबाला माझ्यासमोर उभा कर, बघते.

काळजी करते आहे. तू सांगितलंस त्याहून जास्तच.

जेवत जा. भरिताची वांगी आली आहेत, बामणोदची, पण ती काही पोस्टानं येत नाहीत. शनिवारी-रविवारी जमलं तर निघून ये.

आणि सुगंधाचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. ती बरी आहे ना? कामावर येते ना? तेवढं खरं खरं कळव.

अक्का


देवपूर, धुळे
११ डिसेंबर २०२४

अक्का,

यायला जमणार नाही. सरांनी माझ्यासमोर एक कागद ठेवलाय. त्यात लिहिलंय की सत्तेचाळीस नंबरचे सर्व निष्कर्ष मी मागे घेते, ते विश्वासार्ह नाहीत. एकवीस तारखेला, शनिवारी, सही करायची. सही केली की हैदराबादला माफीचं पत्र जाईल आणि त्यानंतर या धंद्यात नूतन नावाच्या बाईच्या आकड्यांवर कोणी भरवसा ठेवणार नाही. विभागाला कुलूप लागेल ते वेगळंच. सही नाही केली तर सर स्वतः लिहितील, आणि ते काय लिहितील ते मला माहीत आहे.

मला सगळ्यात जास्त छळतंय ते हे की मला माझंच कळत नाहीये. मी खोटं केलं नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मग तिथं का धरत नाही? आंघोळ करताना, बसमध्ये, सारखा तोच विचार. एकदा तर मला वाटलं, मीच झोपेत चालत जाऊन आकडे बदलून आले की काय. इतकं डोकं फिरलंय.

सुगंधाबाईचं विचारलंस. ती आपण होऊन गेली. तिचा मुलगा सुरतेला असतो ना, त्यानं बोलावून घेतलं. जाताना छान हसून गेली. तिची काळजी नको.

तब्येतीला जप. या पत्रात चांगलं काही नाही, रागावू नको.

नूतन


पिंप्राळा, जळगाव
१६ डिसेंबर २०२४

नूतन,

हे स्पीड पोस्टानं पाठवते आहे. शनिवारच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे.

सुगंधा सुरतेला नाही. तिचा मुलगा सुरतेला नाही, तो गेल्या वर्षापासून फैजपूरला केळीच्या ट्रकवर आहे. सुगंधा तीस नोव्हेंबरपासून माझ्या घरात आहे. आत्ता मी लिहिते आहे आणि ती समोर बसून तूर पाखडते आहे. तुझ्या मागच्या पत्रातली तिच्याबद्दलची ओळ मी तिला वाचून दाखवली. छान हसून गेली, ही. तिनं सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि उठून मोरीत जाऊन उभी राहिली. मी बहात्तर वर्षांची झाले, नूतन, मला अशी लाज कधी वाटली नव्हती.

मी तुला तीन तारखेला मुद्दाम विचारलं होतं. म्हटलं, पोरगी खरं सांगते का बघू. तुझी आई, माझी धाकटी बहीण, गेल्यावर तू माझ्या हाताखाली वाढलीस म्हणून माझा भरवसा होता. तुझं पत्र आलं तेव्हा मला आधी वाटलं, मीच काही चुकीचं वाचते. तीन वेळा वाचलं.

आता तिनं पाटीवर काय काय लिहिलं ते सांगते. तिला तांब्याबद्दल विचारलं तेव्हा तिनं साहेबांना सांगितलं की ताईला ठाऊक आहे, ताईला विचारूनच मी पाणी घेते. साहेबांनी तुला विचारलं. तू म्हणालीस, मला काही कल्पना नव्हती. सगळ्यांसमोर. त्यानंतर तिचं कोणी ऐकून घेतलं नाही. तिला त्याच दिवशी काढलं. तू तेव्हा खिडकीकडे तोंड करून उभी होतीस म्हणे.

हे एक झालं. दुसरं नीट वाच, कारण माझ्या मते तुझं उत्तर त्यातच आहे.

मी तिला विचारलं, तू पाण्याचं ताईला काय सांगत होतीस? तिनं पाटीवर लिहिलं, पानी जड शे. आणि मी वाचल्याबरोबर समजले. अगं नूतन, जड पाणी. डब्याचं वजन नव्हे. बोअरचं जड पाणी, ज्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरं पूट चढतं. तुझी आई चिमूटभर पापडखार टाकून डाळ शिजवायची ती कशासाठी? तू चोपड्याला याच पाण्यावर मोठी झालीस. शाळा शिकलीस, कॉलेज शिकलीस आणि आपल्या घरातला शब्द विसरलीस.

सुगंधा सांगते, तुमच्या त्या यंत्राच्या पाण्यात आधी डाळ अशी शिजायची की पळी फिरवली की एकजीव. म्हणून तर ती तांब्या घेऊन जायची. गणपतीच्या थोडं आधीपासून डाळ शिजेना. धुतलेल्या बाटल्या वाळल्या की पांढरे डाग पडायला लागले. तिला कळलं की यंत्र बिघडलंय, पाणी आहे तसंच बोअरचं येतंय. तिनं तुला तीनदा सांगितलं. तू ट्रॉली आणलीस.

मला तुझ्या मण्यांतलं काही समजत नाही. पण एवढं समजतं की तू ज्याला शुद्ध पाणी म्हणत होतीस ते शुद्ध नव्हतं, आणि हैदराबादवाल्यांचं बहुतेक असेल. सही करण्याआधी एवढं बघून घे.

मी ठार बहिरी. मला ते वाचून कळलं. तुझे दोन्ही कान धड आहेत.

अक्का


देवपूर, धुळे
२४ डिसेंबर २०२४

अक्का,

तुझं पत्र एकोणीस तारखेला दुपारी मिळालं. मी ते प्रयोगशाळेतच उघडलं, उभ्यानं. अर्ध्यावर आले तेव्हा कुठंतरी बसावंसं वाटलं. शेजारी ती ट्रॉली होती, तिच्यावरच बसले. मग ती सरकली आणि मी पडले. हे मी तुला हसवायला लिहीत नाहीये. खरंच तसं झालं आणि कोणी हसलं नाही.

तुला आधी काय सांगू ते कळत नाही. ज्यात माझी लाज नाही ते आधी सांगते.

दुरुस्तीवाल्या ललितला बोलावून यंत्र उघडलं. आतली मुख्य गाळणी फुटून एका बाजूला झाली होती. ऑगस्टपासून बोअरचं पाणी तसंच्या तसं बाहेर येत होतं. पाणी शुद्ध आहे असं दाखवणारा काटा होता, तो जुन्याच आकड्यावर अडकलेला. आम्ही सगळे पदवीधर त्या काट्याकडे बघत होतो. डाळीकडे एकटी सुगंधाबाई बघत होती.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून खरं शुद्ध पाणी आणलं. त्यात सत्तेचाळीस नंबर घातला. धरलं नाही. शंभरात चार. हैदराबादवाले बरोबर होते. मग तुझं पत्र पुन्हा काढलं, आणि हंड्याचं पांढरं पूट, डाळ, साबण, हे शब्द परत परत वाचत राहिले. पांढरं पूट म्हणजे काय? चुन्यातलं कॅल्शियम. जड पाण्यात दुसरं काय असतं? मी त्याच शुद्ध पाण्यात कॅल्शियमचं मीठ टाकलं, तांदळाच्या दाण्याएवढं. पुन्हा ओतलं.

ब्याण्णव.

अक्का, माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेला नाही. तो रेणू कॅल्शियम असलं तरच धरतो. कॅल्शियम काढून घेतलं की सोडतो. लिंबाचा क्षार ओतल्यावर सुटायचं ते त्यामुळेच, तो क्षार कॅल्शियम ओढून घेतो. मी आपली समजत होते की त्याच्या किंचित आंबटपणानं सुटतं. म्हणजे आता आम्लाचा थेंबही लागणार नाही. कितीही नाजूक प्रतिपिंड असलं तरी नासणार नाही. मला हवा होता त्यापेक्षा चांगला रेणू माझ्या हातात होता आणि तो का चांगला आहे हे मला माहीत नव्हतं. यंत्र बिघडलं नसतं तर हाही आधीच्या शेहेचाळीसांसारखा फेकून दिला असता. हैदराबादला कळवलं, त्यांनी काल तिथं करून पाहिलं. एक्क्याण्णव.

आता दुसरं.

हे सगळं लिहून काढायचं म्हणून मी माझी नोंदवही उघडली. आमच्यात नियम आहे, जे घडेल ते त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहायचं. दोन सप्टेंबरचं पान निघालं. रेणूनं पहिल्यांदा धरलं त्याच्या सात दिवस आधीचं. माझ्याच अक्षरात लिहिलंय, "सुगंधाबाई म्हणतात पाणी जड. ट्रॉली मागवणे." खाली माझी सही.

सगळ्या शोधाचं पहिलं वाक्य ते होतं. मी ते ऐकलं, लिहून घेतलं, त्यावर सही केली आणि मला समजलं नाही. मग ज्या बाईनं ते सांगितलं तिला मी घालवून दिलं. मला डाळीचं माहीत होतं, अक्का. चार महिने मी ती डाळ खाल्ली. पहिल्यांदा तांब्या घेऊन ती मलाच विचारायला आली होती आणि मी म्हटलं होतं, घे की, त्यात काय. सरांनी विचारलं तेव्हा माझं तोंडच उघडेना, आणि उघडलं तेव्हा खोटं बाहेर आलं. इतकी घाबरले होते. पण घाबरले होते हे काही कारण नाही. तुला सुरतेचं लिहिलं तेव्हा तर मी घाबरलेली नव्हते, निवांत चहा पीत होते.

शनिवारी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी तो सहीचा कागद पुढे केला. मी माझा कागद पुढे केला. त्यात दोन्ही लिहिलं होतं, कॅल्शियमचं आणि डाळीचं. त्यांनी पहिला भाग वाचला तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. दुसरा भाग वाचल्यावर परत बसले. मग म्हणाले, "आकड्यांत तुम्ही खोटं बोलला नाहीत. माणसाच्या बाबतीत बोललात." प्रकल्पाचं प्रमुखपद आता भूषणकडे गेलं. मी त्याच्या हाताखाली. विभाग चालू राहणार आहे. मला याबद्दल काही म्हणायचं नाही, योग्य झालं.

मग खाण्याच्या खोलीत सगळ्यांसमोर उभी राहून मी सांगितलं की सुगंधाबाईला पाण्याची परवानगी मी दिली होती. जेवणाचे डबे उघडे तसेच राहिले.

हैदराबादला जो अहवाल गेला त्यात पाण्यातला बदल प्रथम कोणाच्या लक्षात आला या जागी श्रीमती सुगंधाबाई वना पाटील असं नाव आहे, तारीख दोन सप्टेंबर. पुरावा म्हणून माझ्या वहीचं ते पान जोडलंय, ट्रॉलीसकट. सरांनी तिला कामावर परत बोलावलंय, पत्र सोबत आहे. ती येईल का, हे विचारायचं तोंड मला नाही. तूही माझी बाजू घेऊ नको. फक्त हे पत्र तिला सगळं वाचून दाखव, काही गाळू नको.

नूतन


पिंप्राळा, जळगाव
१ जानेवारी २०२५

नूतन,

सगळं वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. तू ट्रॉलीवरून पडलीस तिथं ती हसली, सांगते. वहीच्या पानापाशी आले तेव्हा तिनं पाटीवर लिहिलं, पुन्हा वाचा. मी चार वेळा वाचलं. अहवालातलं स्वतःचं नाव तिनं पाटीवर लिहून पाहिलं आणि ते तिनं अजून पुसू दिलेलं नाही, त्यामुळे काल प्रमिलाबाई आली तर तिच्याशी मला खुणांनी बोलावं लागलं.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. संक्रांतीला ये, तिळगूळ देईन, तेव्हा काय ते तोंडावर बोलेन. पण खरं लिहिलंस हे बरं केलंस. लिहिताना तुझं अक्षर किती वेडंवाकडं झालंय ते मी बघितलं.

मी तिला जा म्हटलं नाही आणि जाऊ नको म्हटलं नाही. दोन दिवस ती तूर पाखडत राहिली. आज सकाळी चूल पेटवायच्या आधी एक कागद मागून घेतला आणि पेन्सिलीनं लिहून दिला. तिचा आहे तसा सोबत घालते. मी शाळामास्तरीण असूनही त्यात एक अक्षर सुधारलेलं नाही. बठ्ठी म्हणजे सगळी आणि डाय म्हणजे डाळ, हे तरी तू विसरली नसशील.

अक्का


नूतनताईले सुगंधाना नमस्कार.

मी सोमवारले येस. बठ्ठी बाटल्या पुन्हा धुवा लागतीन, कोनी हात लावू नका.

डाय मी घरथून शिजाडी आनसू. तुमना पानीले आते मी हात लावनार नही.

पानी जड शे म्हनं ते तुम्ही डबा समजनात. पन डबाबी जड शे. ट्रॉली ऱ्हाऊ द्या.